माशांना देवी आल्या

आमच्या घरात मासे ही खायची वस्तू होती, बघायची नव्हे. माझ्या सासऱ्यांचं अर्धं आयुष्य खाडीत पाग टाकण्यात गेलं. फेकलेलं जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पसरलं पाहिजे, नाहीतर तो हात कसला, असं त्यांचं मत होतं. सासूबाईंचं माहेर मिठागरवाल्यांचं. अशा घरात काचेची पेटी आणायची, तिच्यात मासे सोडायचे, त्यांना विकतचं खाणं घालायचं आणि ते मोठे झाले तरी त्यांचं कालवण करायचं नाही, हा माझा बेत ऐकून सासूबाईंनी हातातली विळी बाजूला सारली. मग म्हणाल्या, शिकलेल्या बाईला कोण काय सांगणार.

शिकलेली बाई म्हणजे मी. भिवंडीतल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. माझं माहेर गावातलंच, पण कारकून आणि मास्तरांचं. तिथे जांभईसुद्धा तोंडावर हात ठेवून द्यायची पद्धत होती. सासरी सगळं मोठ्याने चालायचं, आणि सगळ्यात मोठा आवाज सासऱ्यांचा असायचा. नारपोलीतल्या आमच्या घराला लागूनच लूमचा गाळा होता. दिवसभर त्याची खटखट. त्या खटखटीवर मात करून बोलायची त्यांना सवय होती.

मानकोलीच्या बाजूची भातजमीन त्या वर्षांत एकेक करून गोदामांखाली जात होती. आमचीही गेली. माझ्या नवऱ्याने सगळा व्यवहार केला, बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कागदावर अंगठा नव्हे, सही केली, आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गोष्टींचा संबंध जोडू नका. घरात कुणी जोडलाही नाही, निदान मोठ्याने.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. डोळे आमच्या मागे मागे फिरायचे. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘हां’. भूक लागली हां, नको हां, पंखा बंद करा हां, तू मूर्ख आहेस हां. कुठला हां कशाचा, हे ओळखण्यात आमचे दिवस जायचे. शाळेत दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा आणि घरी येऊन हे कोडं सोडवायचं. कधी कधी मी दारातच चप्पल न काढता दोन मिनिटं उभी राहायचे. आत जायचं जिवावर यायचं, हे आज लिहायला हरकत नाही.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीसाठी ताटातले वाटाणे एकेक उचलून वाटीत टाकायला सांगितले. पहिल्या दिवशी बाबांनी ताटाकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने ताटच उडवलं. पुढे महिनाभर कपाटाखाली वाटाणे सापडत होते. त्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, त्यांना मनापासून करावंसं वाटेल असं काहीतरी शोधा, नाहीतर हा हात असाच राहील.

नारपोलीच्या रस्त्यावर एक माशांचं दुकान होतं. शाळेतून येताना रोज दिसायचं. एके दिवशी आत शिरले आणि पेटी, हवेचा पंप आणि पाच गोल्डफिश घेऊन आले. चार शेंदरी आणि एक काळा, बटाट्यासारख्या डोळ्यांचा.

पेटी बाबांच्या खुर्चीसमोर ठेवली. माशांचं खाणं म्हणजे मोहरीएवढ्या गोळ्या. डबी उघडून मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचा उजवा हात उचलून डबीजवळ नेला. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या लुंगीवर सांडल्या. पण हात त्यांनी मागे घेतला नाही. आठवड्याभरात चार गोळ्या पाण्यात पडल्या आणि मासे वर आले, तेव्हा बाबांनी माझ्याकडे अशा काही रुबाबात पाहिलं की जणू पागच टाकला होता. दिवाळी सरेपर्यंत अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटायला लागलं. मासे आहेत तोवर हा हात चालणार, इतकं ते सरळ होतं.

जानेवारीत मी आणखी दोन मासे आणले. बाबांना जरा नवं काही, एवढाच विचार. दुकानदार उत्तरेकडचा. आधी लूमवर होता, कान अर्धे गेल्यावर या धंद्यात आला होता. त्याने बजावून सांगितलं होतं की नवे मासे दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, मगच जुन्यांत सोडा. मी हो म्हटलं. घरी आले तर बादल्या भिजवलेल्या कपड्यांनी भरलेल्या, दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे टेबलावर, आणि स्वयंपाक व्हायचा होता. पिशवी सरळ पेटीत रिकामी केली. पुढे जे झालं त्याची सुरुवात मीच केली.

त्यातच विजेची कपात. तेव्हा ती रोजचीच होती. शेजारचे लूम एकदम गप्प झाले की दिवे बघायचीही गरज नसायची, गेली वीज. पेटीतला पंपही थांबायचा. मग मी लोटीने पाणी काढून वरून धार सोडत बसायचे, तेवढीच पाण्याला हवा. थंडीत पाणी कधी कोमट, कधी गार. माशांना असले चढउतार सोसत नाहीत.

सहा-सात दिवसांनी मासे तळाच्या दगडांवर अंग घासायला लागले. मग त्यांच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले, रवा चिकटल्यासारखे. दोन दिवसांत अंगभर झाले. मी चष्मा लावून बघत होते, तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि हात जोडले.

“देवी आल्यात यांना,” त्या म्हणाल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला की हा एक बारीक जीव असतो, तो अंगात शिरतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपलं काम सुरू केलं. त्यांच्या घरात लहानपणी कुणाला देवी किंवा कांजिण्या आल्या की जे पाळत, ते सगळं आमच्याकडे लागू झालं. फोडणी बंद. तळण बंद. औषध द्यायचं नाही, कारण देवी घरी पाहुणी आली आहे, तिला हुसकावायचं नसतं. कडुलिंबाचे डहाळे आले, एक दाराला आणि एक पेटीत. आणि मुख्य म्हणजे घरात मासळी बंद. चौथ्या दिवशी वरणभात पुढे आल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, घरातल्या माशांना बरं नाही म्हणून बाजारातले मासेही खायचे नाहीत का? सासूबाई म्हणाल्या, नाही. बाबांनी समोरच्या भाताकडे पाहून ‘हां’ म्हटलं. तो कुठला हां होता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मी दुकानात गेले. दुकानदाराने मासा न बघताच ओळखलं. निळ्या औषधाची बाटली आणि पाणी गरम ठेवायची कांडी काढून दिली. पैसे घेऊन झाल्यावर त्याने मला परत हाक मारली. “मॅडम, दाना झड जाए तो खुश मत होना. असली काम उसके बाद है. कुल मिलाके चौदा दिन.”

ठिपके झडल्यावरच खरं काम, हे मला सांगायची गरज नव्हती. मी नववीला अमीबा आणि पॅरामेशियम शिकवायचे, आणि हा त्यांचाच भाऊबंद. हा जीव माशाच्या कातडीखाली बसून खातो, तोवर औषध त्याला शिवत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाला जातो. मासा स्वच्छ दिसतो, आणि आपल्याला वाटतं बरा झाला. पण तळाशी तो स्वतःभोवती कवच करून बसलेला असतो. एकाचे शेकडो होतात, कवच फोडून बाहेर पडतात आणि पोहत मासा शोधू लागतात. औषध लागू पडतं ते त्याच वेळी. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध चालू ठेवायचं असतं. फळ्यावर मी याची छान आकृती काढली असती.

सासूबाईंशी मी तडजोड केली. मिठाला त्यांची हरकत नव्हती. उलट पेटीत खडे मीठ टाकायचं म्हटल्यावर त्यांनी बरणीच पुढे केली, मीठ म्हणजे त्यांच्या माहेरचं. निळ्या औषधाबद्दल मी खोटं बोलले. म्हटलं, ही नीळ आहे, पाणी स्वच्छ राहावं म्हणून. कपड्यांना घालतो तीच का, त्यांनी विचारलं. तसलीच, मी म्हटलं.

मग रोज सकाळी शाळेआधी तळाचा गाळ नळीने ओढायचा, त्याबरोबर तिसरा हिस्सा पाणी काढायचं, पिंपात आदल्या दिवशी साठवलेलं घालायचं, मीठ घालायचं, औषधाचे थेंब मोजायचे आणि कुजायला लागलेला पाला उपसायचा. संध्याकाळी येऊन बघावं तर सासूबाईंनी नवा पाला घातलेला. बादल्या उचलून कंबर धरली. बोटं निळी झाली ती साबणानेही जाईनात. शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारायचे, मतदान झालं वाटतं? पहिल्या वेळी मी हसले. नंतर हात पदराखाली ठेवून पेपर तपासायला लागले.

आठव्या दिवशी शाळेतून घरी आले तर जिन्यातच बोंबील तळल्याचा वास. इतक्या दिवसांनी घराला घराचा वास आला होता. आत सासूबाई कपाळभर कुंकू लावून बसल्या होत्या. माशांच्या अंगावर एक ठिपका नव्हता. त्यांनी पाला काढून टाकला होता, दहीभात आणि नारळ घेऊन देवीच्या देवळापर्यंत जाऊन आल्या होत्या, रीतसर पाठवणी केली होती.

“देवी परत गेल्या,” त्या म्हणाल्या. “आता मीठ न्हाय, नीळ न्हाय. टाकशील तर परत बोलावल्यासारखं व्हईल.”

दिवसभरात त्यांनी हे वाक्य खूपदा म्हटलं. दूधवाल्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फोनवर नणंदेला सांगितलं. देवी परत गेल्या.

मला माहीत होतं. सांगायचं असं की मला अगदी स्वच्छ माहीत होतं, त्या पाण्यात या क्षणी काय चाललं आहे ते. पण पेटीतलं पाणी नितळ होतं, मासे गोळ्यांसाठी वर येत होते, बाबांची चिमूट चालली होती, आणि उद्या सकाळी चार बादल्या उचलायच्या नाहीत या विचाराने मला इतकं हलकं वाटलं की मी बाटली उचलली आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. सासूबाईंचं मन कशाला दुखवा, असं स्वतःला सांगितलं. तेही खरं नव्हतं. मी दमले होते, बस. हेच उत्तर एखाद्या मुलाने पेपरात लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

पाच दिवसांनी, सकाळी मी वेणी घालत असताना, बाबा बोलले.

“परत.”

कंगवा हातातच राहिला. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाबांनी पुन्हा म्हटलं, परत. जड जिभेने, पण स्पष्ट. इतक्या महिन्यांनी ‘हां’ सोडून दुसरा शब्द. सासूबाई तिथेच जमिनीवर बसून रडायला लागल्या. त्यांच्या मते सगळं उघड होतं. देवी परत गेल्या हे वाक्य ऐकून ऐकून त्यांच्या जिभेवर बसलं, जाताना देवीने वाचा दिली. माझा नवरा दाढीचा साबण तोंडावर घेऊन आला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी तो मला एकटीला म्हणाला, जमीन परत मागताहेत ते, दुसरं काय असणार. मग तो त्यांच्या खोलीत गेलाच नाही.

मला वाटलं, त्यांना माशांना पुन्हा खाऊ घालायचं आहे. मी गोळ्यांची डबी उघडून पुढे केली. त्यांनी हात झटकून ती बाजूला केली. उजवा हात. तो हात इतक्या जोराने हलला याचाच आम्हाला आनंद झाला. प्रत्येकाने आपापलं परत ऐकलं.

पेढे आणले. शेजारपाजारी वाटले. मी स्टूल ओढून बाबांच्या समोर बसले आणि त्यांना माझ्या हाताने पेढा भरवला. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. परत, ते म्हणाले. मी म्हटलं, हो बाबा, परत. अजून एक देऊ? दुसऱ्या दिवशीही तेच. येणारं जाणारं माणूस त्यांना बोलतं करून बघायचं, काय बाबा, काय म्हणता? परत. सगळे कौतुकाने हसायचे. दुसऱ्या संध्याकाळी शब्द म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, आनंदाचं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी बाबांच्या खोलीत पेपर तपासायला बसले आणि लूम एकदम थांबले. पंपही थांबला. त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला, बारीक, टप टप टप, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा. मी वळून पाहिलं. सातही मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडत होते. अंगावर ठिपके मोजता येत नव्हते, मिठात लोळवल्यासारखे दिसत होते. तो जीव कल्ल्यांत शिरला की माशांना श्वास घेता येत नाही.

“परत,” बाबा मागून म्हणाले. या वेळी हळू म्हणाले, कुणाला काही सांगायचं नसल्यासारखे.

मला कळलं. दिवसभर त्या काचेसमोर तेच बसायचे. पहिला ठिपका त्यांनाच दिसला असणार.

मी खुर्चीवर चढून वरच्या फळीवर हात फिरवत होते, बाटली लागत नव्हती. सासूबाई दारात आल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा कडुलिंब. त्या मला म्हणाल्या, खाली उतर. मग स्वतः काठीने डबे सरकवून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

“नीळ न्हाय ती, मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “टाक.”

पुढचे चौदा दिवस आम्ही दोघींनी मिळून केले. बादल्या मी भरायचे, मीठ त्या घालायच्या. वीज गेली की आळीपाळीने लोटीने धार सोडायची. पाच मासे गेले. एकदम नाही, एकेक करून. रोज सकाळी मी बाबा उठायच्या आत पेटी बघायचे, पण ते आधीच जागे असायचे. मेलेला मासा मी जाळीने काढायचे तेव्हा ते नजर काढून घेत नसत. डबी मांडीवर ठेवली तरी हात तिच्याकडे जात नव्हता. व्यायामाच्या बाईंनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, हा पुन्हा आखडतोय. त्या ‘परत’ म्हणाल्या नाहीत, एवढे उपकार झाले. बाबा त्या दिवसांत काहीच बोलले नाहीत, ‘हां’सुद्धा नाही.

काळा राहिला आणि एक शेंदरी राहिला. दहाव्या दिवसापासून त्यांच्या अंगावर काही नव्हतं, तरी मी औषध थांबवलं नाही. ते चार दिवस घरात कुणी पाठवणी हा शब्दही काढला नाही. चौदाव्या दिवशी सासूबाईंनी बोंबील आणले, पण बाबांना विचारल्याशिवाय तव्यावर टाकले नाहीत. त्यांनी मान हलवली तेव्हा टाकले.

त्या संध्याकाळी मी डबी उघडून बाबांच्या मांडीवर ठेवली आणि वाट बघत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग हात उचलला गेला, डबीत गेला, बाहेर आला. एक गोळी पाण्यात पडली, बाकीच्या लुंगीवर. पहिल्या दिवसासारखं. काळा मासा वर आला.

मी त्यांना विचारलं, “बाबा, तेव्हा तुम्ही ठिपके परत आले म्हणून सांगत होतात ना?”

“हां.”

“पहिल्या दिवसापासून?”

त्यांनी उजवा हात डबीतून काढून वर धरला. दोन बोटं सरळ व्हायला वेळ लागला. पण त्यांनी ती केली, आणि माझ्याकडे बघत तशीच धरून ठेवली.

दोन दिवस ते तेच सांगत होते. त्या दोन दिवसांत मी त्यांना पेढा भरवला होता, समोर स्टूल ओढून, काचेकडे पाठ करून.